चार बोटं कोरा गाळ

३ मार्च
नोकरी लागली, तीही चिखलात. नवरा म्हणाला, सातव्या महिन्यात कुणी चिखल मोजायला जातं का? मी गेले. खोल समुद्राच्या तळातून नळ्यांनी काढलेला गाळ इथे थंड खोलीत फळ्यांवर ठेवलाय. एक बोट गाळ म्हणजे हजारेक वर्षं. चिमूटभर धुऊन भिंगाखाली धरला की खसखशीहून बारीक कवचं दिसतात. कवचं भरपूर, तर त्या काळी समुद्रात जीवही भरपूर. जात कोणती, त्यावरून पाणी गार होतं की ऊबदार ते कळतं. काम मनापासून आवडलं.

५ मार्च
प्रत्येक नळी उभी चिरतात. एका भागातून नमुने घ्यायचे. दुसरा राखीव, त्याला कुणी हात लावत नाही. माझ्या नळीत मधेच चार बोटं थर कोरा आहे. वर कवचं, खाली कवचं, मधे एक नाही. साहेब म्हणाले, मोजणी चुकली. तीनदा मोजलं. मग म्हणाले, राखीव भाग उघडा. मी नियम दाखवला, तर म्हणाले नियम मीच केलाय. त्या भागावर कुणीतरी मेण ओतून ठेवलं होतं. मी सुरी लावली.

९ मार्च
उघडलेल्या भागात कोरा थर आज सहा बोटं. परवा मोजलेली कवचं गायब. साहेब म्हणतात, गरोदरपणात नजर दगा देते. अंगाचा तिळपापड झाला.

११ मार्च
शेजारच्या दोन नळ्या कोऱ्या. घरी तीन दिवस विरजण लागत नाही. कुंडीतलं बी उकरून पाहिलं, नुसती टरफलं. हात कितीही घासले तरी नखांत तो गाळ राहतोच.

१२ मार्च
झाडलोट करणाऱ्या मावशींनी आज सांगितलं. माझ्या आधीच्या बाईनेही हाच भाग उघडला होता. तिलाही दिवस गेले होते. मेण तिनेच ओतलं, दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आल्यावर. साहेब तेव्हा शेजारी उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं.

१३ मार्च
तोंडावर विचारलं. म्हणाले, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, खात्री करून घ्यायची होती. खात्री. माझ्या पोटावर. नळी उचलून त्यांच्या टेबलावर आपटली— गाळ त्यांच्या कागदांवर, शर्टावर— ते हसले. पुरुषांना काही होत नाही म्हणाले.

१४ मार्च
बेंबीखाली दोन बोटं जागा गार. डॉक्टर म्हणाल्या, सगळं ठीक आहे. ठीक कसलं—

दुपार
चार बोटं. नवरा गाडी आणायला गेलाय. बाळ वर सरकलंय, बरगड्यांपाशी. तिथून लाथा मारतंय, जोरात. मार, बाळा—

पाच. आता त्याला सरकायला वर