पाय तेवढा घेऊन ये

बर्मिंगहॅम, अलाबामा
१९ ऑगस्ट

प्रिय व्हर्नीसताईस,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम सावकाश काढते आहे, तेव्हा डॉक्टरांचं लिहिलेलं वाचता येत नाही ही सबब चालायची नाही.

रविवारी चर्चमधून निघाले ती उजेड असतानाच घरी पोचले. आईने बांधून दिलेला केक दवाखान्यात नेला, दुपारपर्यंत फस्त झाला. कृती विचारत होत्या सगळ्या. आई कृती कुणाला देत नाही, असं सांगितलं. तुला दिली आहे, हे सांगितलं नाही.

इकडे नेहमीचंच चाललंय. घट्ट वेण्यांनी कपाळावरचे केस गेलेल्या बायका, दाढीच्या फोडांनी वैतागलेले पुरुष, आणि उजळायचं मलम फासून गाल भाजून घेतलेली एक नवरी. हाताखाली नवीन शिकाऊ डॉक्टर आली आहे. गोरी आहे, हुशार आहे. काल तिने टॉलिव्हर मास्तरांची सुजलेली पोटरी तपासली आणि म्हणाली, "लाली तर कुठेच दिसत नाही."

मी म्हटलं, "आमच्यात दिसत नाही बाई. जांभळट दिसते आणि हाताला गरम लागते. हात लावून बघ."

ती जरा घुटमळली. मास्तर म्हणाले, "लाव पोरी, रंग जात नाही हाताला." ती कानापर्यंत लाल झाली. "हिची बघा कशी छान दिसते," मास्तर मला म्हणाले.

हेच माझं काम, ताई. आम्ही शिकलो त्या पुस्तकांत सगळी चित्रं गोऱ्या कातडीची होती. आपल्यासारख्यांची अगदी मोजकी. त्यांतलंच एक तळपायाचं होतं, टाचेवर डाग असलेलं. ते चित्र तुला माहीत आहे, कारण आपलं बिनसलं ते त्याच्यावरूनच.

आपल्या माणसांना कातडीचा कॅन्सर होत नाही, तो गोऱ्यांचा आजार, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाबांच्या पायाची जखम भरेना तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी साखरेच्या आजारावर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशीच्या जेवणात मी म्हटलं की ती साखर नव्हती, पुस्तकातल्या त्या चित्रातला कॅन्सर होता. सगळे पानावर बसले होते, तू शेंगा वाढत होतीस. तू डाव खाली ठेवलास.

"म्हणजे रोज संध्याकाळी मी कॅन्सर मिठाच्या पाण्यात शेकत होते, असंच ना?" असं म्हणालीस. आणि मग, "तू माणसं बघतच नाहीस, आर्डी. कातडी बघतेस." त्यानंतर आपण बोललो नाही.

आता रविवारचं. चर्चमध्ये दरवर्षीप्रमाणे जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुवायच्या विधीला मी मागचा बाक धरला होता आणि तू पुढचा. बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या जोड्या लागल्या, आपण दोघीच उरलो. आईने आधी तुझ्याकडे काठी केली, मग माझ्याकडे. "एकमेकींची तोंडं बघवत नाहीत ना? मग पाय बघा." बाकीच्या हसल्या. तू मोजे काढून पाय तसराळ्यात ठेवलेस आणि छताकडे बघत बसलीस.

मी टॉवेल कमरेला बांधून खाली बसले. बाकीच्या गात होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी तुझी टाच हातात घेऊन बसले होते.

तू खाली न बघताच म्हणालीस, "झालं का, डॉक्टर, बघून?"

मी म्हटलं, "पाणी गार झालंय." पाणी चांगलं कोमट होतं.

मग तू मोजे चढवलेस आणि निघून गेलीस. माझे पाय धुतले नाहीस. आईने ते पाहिलं.

ताई, तुझ्या डाव्या टाचेवर डाग आहे. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, कड वेडीवाकडी, आणि मधे कातडी फुटली आहे. तू म्हणशील, नवे बूट लागले. बाबा म्हणायचे, खिळा लागला. नुसतं बघून सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. काहीच नसेल असंही होऊ शकतं. रोग्यांना मी इथपर्यंत सांगते आणि थांबते. तुला पुढचंही सांगते. मला भीती वाटते आहे.

हा कॅन्सर वेळेत सापडला तर बरा होतो. बाबांचा सापडला नाही, कारण तो कसा दिसतो हे डॉक्टरांनाच कुणी शिकवलं नव्हतं. तुला कोण शिकवणार होतं? त्या पायाला रोज हात लावणारी घरात तू एकटी होतीस. मी सुट्टीत यायचे आणि दारातूनच विचारायचे, कसा आहे पाय. त्या दिवशी जेवताना हे म्हणायला हवं होतं. नेमकं हेच राहिलं.

गुरुवारी सकाळी पहिली वेळ तुझ्या नावाने ठेवली आहे. तुकडा मी काढणार नाही, माझ्यासोबतचे डॉक्टर ओकाफोर काढतील. त्यांचा हात हलका आहे आणि ते फार बोलत नाहीत. तूही माझ्याशी बोलू नकोस. तोंड फिरवून बस, जाताना चार शब्द सुनावून जा. पाय तेवढा घेऊन ये.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी तू आली नाहीस, तर शुक्रवारी मी तसराळं आणि टॉवेल घेऊन तुझ्या पायरीवर येऊन बसेन. गल्लीने बघितलं तर बघू दे. माझे पाय धुवायचे राहिलेत, ताई. ते मी दुसऱ्या कुणाकडून धुऊन घेणार नाही. त्यासाठी तू हवीस.

तुझी, कातडी बघणारी बहीण,
आर्डेलिया