मॉडेलच्या हिशेबाने मी श्रावणातच वारले

कोथरूड, पुणे
भाऊबीजेनंतरचा कुठला तरी मंगळवार

ती. ताईस,

कल्याणीचा साष्टांग नमस्कार. (मनातून घातलाय. प्रत्यक्ष घातला असता तर परत उभं करायला सुदर्शनला ऑफिसातून बोलवावं लागलं असतं.) तुझा गुडघा कसा आहे? उत्तरेश्वर भाऊजींची साखर? तुमचं दोघांचं एका परीने बरं आहे. गुडघा एक्सरेत दिसतो, साखर मीटरवर दिसते, आणि दिसते म्हणून लोक तुला खुर्ची देतात आणि भाऊजींना बिनसाखरेचा चहा. माझं जे आहे ते कशातच दिसत नाही, म्हणून मला लोक सल्ले देतात.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की तू ‘आवाज तर चांगला येऊन राहिला तुझा’ म्हणतेस आणि तिथेच माझा खटला निकाली निघतो. मागच्या वेळचं तुझं वाक्य तर अजून कानात आहे: “काही होत नाही तुले. मनातून काढून टाक. अन् माह्या सृष्टीच्या लग्नाले पाच दिवस आधी नाही आली, तं मले बहीणच नाही असं समजीन मी.” फोन ठेवल्यावर मी मनात खरोखर शोधलं, ताई. तिथे पुष्कळ काही सापडलं, थोडं तुझ्याबद्दलही सापडलं, पण आजार काही तिथे नव्हता. म्हणून हे लिहायला घेतलं आहे, पडल्या पडल्या, थोडं थोडं. अक्षर मध्येच उताराला लागलं तर समजून घे.

तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण दर वेळी तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतेस. दोन वर्षांपूर्वी आमच्या अख्ख्या इमारतीला ताप आला. सगळ्यांचा गेला. माझाही गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून नववी-दहावीला गणित शिकवणारी बाई मी, आता दुधाच्या पातेल्याशी दूध वर येईपर्यंत उभी राहू शकत नाही. एका दिवशी केस धुतले तर दुसरा दिवस अंथरुणात जातो. बरेच डॉक्टर करून झाले. एकाने बी-ट्वेल्व्ह दिलं, एकाने सकाळचं ऊन दिलं, एकाने छंद जोपासायला सांगितला (बिबवेवाडीपर्यंत रिक्षाने जाऊन मी हे ऐकून आले). शेवटच्याने फाईल मिटून, ‘सगळं नॉर्मल आहे, अभिनंदन’ म्हणून माझ्याशी हात मिळवला. बक्षीस समारंभासारख्या टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

अशात आमच्या वरच्या मजल्यावरची स्पृहा भेटली. मुलगी संशोधन करते, आणि तेही माझ्यासारख्यांवरच. काँप्युटरमध्ये गणितं मांडून एक माणूस तयार करते, त्याला ताप आणते, आणि मग तो बरा का होत नाही ते बघत बसते. तिने आमच्या डायनिंग टेबलावर मला सगळं समजावलं: “काकू, तुमचे रिपोर्ट म्हणजे एकेक फोटो आहे. मला पूर्ण सिस्टिम बघायचीय. इम्यून सिस्टिम आणि स्ट्रेस सिस्टिम एकमेकींशी कशा बोलतायत, ते.” मी गणिताची असल्यामुळे मला ते पटकन कळलं. तुला कळावं म्हणून आमच्या सोसायटीचंच घे. वॉचमन म्हणजे रोगाशी लढणारी यंत्रणा आणि सेक्रेटरी म्हणजे ताणतणाव सांभाळणारी. रोजचा प्रकार असा, की वॉचमनने शिट्टी वाजवली की सेक्रेटरी उठतो, बघतो, आणि त्याला ‘पुरे’ म्हणून गप्प करतो. मग एकदा खरीच चोरी होते. चोर जातो, पण वॉचमन त्यानंतर मांजर दिसलं तरी शिट्ट्या मारतो, आणि सेक्रेटरी जागरणाने इतका मेटाकुटीला येतो की ‘पुरे’ म्हणायलाही उठत नाही. हजेरीपत्रक बघशील तर दोघेही कामावर हजर, दोघेही नॉर्मल. फक्त सोसायटीत कोणालाही झोप नाही. स्पृहाचं म्हणणं असं की काही शरीरं या चुकीच्या ठिकाणीच स्थिरावतात आणि ‘मनातून काढून टाक’ म्हटल्याने हलत नाहीत. (दुसरा अर्धा भाग माझा आहे.) हे सगळं अजून अंदाजाच्या पातळीवर आहे आणि औषध तिच्याकडे काही नाही, हेही तिने आधीच सांगून टाकलं. दोन वर्षांत ‘मला माहीत नाही’ म्हणणारी पहिली शिकलेली व्यक्ती मला भेटली, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आता माझं मॉडेल, म्हणजे तसा काँप्युटरमधला माणूस, करायचं तर माझी माहिती हवी. मनगटावर एक घड्याळ बांधलं, आणि रोज उठल्या उठल्या, दुपारी आणि संध्याकाळी नळीत थुंकायचं ठरलं, कारण त्या सेक्रेटरीचा, म्हणजे ताणाचा, रस थुंकीत सापडतो म्हणे. नळ्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. इथेच माशी शिंकली, कारण फ्रीज जरी सुदर्शनने आणला असला तरी तो सासूबाईंच्या राज्यात येतो. तुला आमच्या सुंदराबाई माहीतच आहेत: श्रावणात कांदा-लसणाला बाल्कनीत हाकलतात आणि कणीक मळल्यावर मोबाईलसुद्धा कोपराने उचलतात. त्यांना नैवेद्याच्या नारळाच्या वड्यांशेजारी सुनेच्या थुंकीच्या नळ्या दिसल्या. टाकून द्याव्या तर संशोधनाचं सामान, ठेवाव्या तर देवाचा नैवेद्य बाटतो. त्यांनी कोणाला एका शब्दाने न विचारता आपल्या परीने मध्यम मार्ग काढला. प्रत्येक नळीचं झाकण उघडून त्यात पळीने गंगाजल घातलं, झाकणं घट्ट लावली, नमस्कार केला आणि नळ्या परत जागेवर ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात दार वाजलं. बाहेर स्पृहा, पांढरीफटक, धापा टाकत. “काकू, तुम्ही ठीक आहात ना?” मी म्हटलं, नाही, पण नेहमीइतकीच. ती मटकन सोफ्यावर बसली. तिने माझे आकडे मॉडेलमध्ये घातले होते, आणि त्या हिशेबाने माझा रक्तदाब नागपंचमीच्या सुमारास संपला होता. म्हणजे ताई, मी श्रावणातच वारले, आणि वर दोन आठवडे बसल्या बसल्या स्वयंपाक करत होते! (यात मला नवल वाटलं नाही. या घरात सुनेला तेवढी सवलत नाही.) यंत्र बिघडलं, नळ्या खराब निघाल्या, अशी चर्चा चालू असताना सासूबाई चहा घेऊन आल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, “नळ्यांची काळजी करू नकोस गं, मी सगळ्या शुद्ध करून ठेवल्या होत्या.” गंगाजलाने माझा रस पातळ झाला होता, म्हणून मी वारले होते. स्पृहाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पोरगी गुणी. तिने वाकून नमस्कार केला, नव्या नळ्या दिल्या आणि सोबत स्वतःचा बर्फाचा डबा दिला, तो आता माझ्या पलंगाखाली असतो.

दुसऱ्या खेपेला मॉडेल जुळलं. फक्त सोमवारी-मंगळवारी मी उगीचच कोसळत होते, ते काही त्यात बसेना. स्पृहाने विचारलं, रविवारी तुम्ही काय करता? मी म्हटलं, काहीच नाही, रविवारी लोक मला भेटायला येतात. मग तिने घड्याळातल्या नोंदी दाखवल्या. लोक आजारी माणसाला भेटायला येतात, आणि आजारी माणूस ओट्याशी उभं राहून त्यांच्यासाठी पोहे करतं! चहा, पुन्हा चहा, दाराशी निरोप आणि दाराशीच तासभर नव्याने गप्पा. वर जाताना ‘तुझ्याकडे बघून वाटत नाही हो’ हे प्रशस्तिपत्रक. सुदर्शनने दारावर ‘भेटायला येणाऱ्यांनी स्वतःचा चहा स्वतः करावा, जमल्यास आमचाही’ अशी पाटी लावली. पहिल्या रविवारी चार जण पाटी वाचून परत गेले, आणि सोमवारी मी दूध वर येईपर्यंत ओट्याशी उभी होते. मला रडू आलं, ताई. दुधाकडे बघून रडणारी बाई वेडीच दिसते, पण मी अजिबात वेडी नाही हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नक्की कळलं.

आता मुद्दा. सृष्टीचं लग्न आम्ही मॉडेलमध्ये घातलं. मेंदी, हळद, सीमांतपूजन, डीजे, पंगती, पाठवणी, पाचही दिवस. माझ्या ताकदीची रेघ इतकी खाली गेली की स्पृहाने लॅपटॉपच मिटला. तेव्हा मी येणार नाही. तू मला बहीण नाही समज, रुसून बस, अकोलाभर सांग की पुण्याला गेली अन् शिष्ट झाली. मी जाब द्यायला उभी राहणार नाही, कारण उभं राहणं हाच तर सगळा प्रश्न आहे. भाऊजींना नमस्कार, सृष्टीला गोड पापा.

तुझी,
कल्याणी

ता. क. तिकिटं काढली आहेत. सुदर्शनला खालचा बर्थ मिळाला आणि तो त्याने मलाच दिलाय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोचते. सासूबाईंनी सृष्टीसाठी गंगाजलाची बाटली दिली आहे, ती कशातही घालायची नाही असं मी आधीच बजावते आहे.

ता. क. दुसरा. ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते आता लिहिते. सृष्टी फ्रॉकात होती तेव्हापासून ठरलंय, की मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागे दिवा मावशी धरणार. दिवाळीत फोनवर तिने पुन्हा विचारलं, आणि मी हो म्हणून बसले. आम्ही लग्नाचे तुकडे करून एकेक मॉडेलमध्ये घातले, तेव्हा कळलं की पंगत चालते, डीजेसुद्धा कानात कापूस घालून चालतो. रेघ पडते ती मंगलाष्टकांनाच. भाऊजींनी स्वतः रचलेली आहेत, त्यात तुमच्या सात पिढ्यांची नावं वृत्तात बसवली आहेत, आणि त्यांचे तिन्ही चुलतभाऊही आपापली रचना गाणार आहेत हे मला माहीत आहे. भाऊजींना सांगून तेवढी पणजोबांपर्यंतच ठेवता येतील का? खापरपणजोबांची मी हात जोडून क्षमा मागते.

ता. क. तिसरा. भाऊजी ऐकणार नाहीत. मी त्यांना ओळखते आणि तू तर त्यांच्याशी संसार केला आहेस. तेव्हा मंगलाष्टकं राहू देत सगळी. तू फक्त सृष्टीच्या मागे, अंतरपाट धरायच्या आधी, एक खुर्ची ठेव. कोणी विचारलं तर काही सांगू नकोस. मला ‘कशी आहेस’ म्हणूनही विचारू नकोस. मांडवात आल्यावर खुर्ची दिसली, की तुझा माझ्यावर विश्वास बसला असं मी समजेन, आणि दिवा मी शेवटच्या ‘सावधान’पर्यंत धरीन.