बंदीनंतरचं भजन

१० नोव्हेंबर
आज सकाळी लवकर अंघोळ केली, देवाची तसबीर धोतरात गुंडाळली, बायकोनं दिलेली भाकर-ठेचा पिशवीत टाकला आणि अमरावतीहून अकोल्याची बस धरली. सावरपांढरीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. तुरुंग लहान, दारात कडुनिंब. हवालदार म्हणून आजवर मिळालेलं हे सगळ्यांत शांत ठिकाण. मन प्रसन्न आहे.

१२ नोव्हेंबर
इथं दिवस मावळताना कैद्यांची गिनती होते आणि बराकीला कुलूप लागतं. त्यालाच बंदी म्हणतात. किल्ल्या जेलरसाहेबांकडे जातात. आत कोणी कुठं झोपायचं ते जानराव ठरवतो. तो जन्मठेपेचा कैदी, पण वागणूक चांगली म्हणून बराकीची देखरेख त्याच्याकडे. गळा गोड आहे. बंदीनंतर माणसं नुसती भिंतीकडे बघत बसतात, ते पाहवेना. आमच्या गावात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर खंजिरी वाजायचीच. साहेबांना विचारून मी खंजिरी आणि टाळ आणून दिले. जानराव म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमी तं जेलचं मंदिर करून राहिले." मला बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर
भजनाला रंग चढतो आहे. मी वऱ्हांड्यात बसून ऐकतो. आठवड्यापूर्वी एक कच्चा कैदी आला, खटला अजून चालू असलेला, स्वप्निल. बाळापूरचा ऑटोवाला, तिशीचा, मोठा बोलका. जानरावनं त्याला शेवटची जागा दिली, संडासाच्या आडभिंतीमागे. पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "साहेब, मी चौघं मागं बसवतो, अन् तुमी मलेच मागं बसवून राहिले." आज मी त्याला तेच बोलून दाखवलं. तो हसला नाही.

२३ नोव्हेंबर
स्वप्निल उभ्यानंच जेवतो. जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, काही त्रास आहे का. त्यानं आधी जानरावकडे पाहिलं, मग नाही म्हणाला. जानराव म्हणाला, "घर आठवून राहिलं त्याले. बायको पोटुशी हाय न."
असं चारचौघांत विचारायला नको होतं.

२६ नोव्हेंबर
आज भजन चालू असताना गजांशी गेलो. सगळे दाराकडे तोंड करून गात होते. एकही मागे बघत नव्हता. जानरावची जागा रिकामी. खंजिरी म्हाताऱ्या शेषरावच्या हातात होती, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला पाहून त्यानं ती आणखी जोरात वाजवली. देवाच्या दोन नावांमध्ये आडभिंतीमागून आवाज आला — माणसाचा —
मी ओरडलो. टाळ थांबले. जानराव सदरा नीट करत पुढे आला.
"भजन काहून थांबवलं?" एवढंच म्हणाला.

२७ नोव्हेंबर
साहेबांना सांगितलं. त्यांनी स्वप्निलला दवाखान्याच्या खोलीत हलवलं, पण दोनच दिवसांसाठी. लेखी कागद करायचा नाही म्हणाले. मग हळूच विचारलं, खंजिरी कोणी आणून दिली होती?
स्वप्निलला एकटं गाठलं. काय झालं ते विचारलं नाही. काय पाहिजे, एवढंच विचारलं. "भजन बंद करा साहेब. बाकी मंग."

२८ नोव्हेंबर
भजन बंद केलं. तरी ऐकू येतं. क्वार्टरमध्ये, पाणी भरताना, पूजेला बसल्यावर. घंटी हातात धरवत नाही. तसबीर भिंतीकडे फिरवून ठेवली —

२९ नोव्हेंबर
आज संध्याकाळी स्वप्निलला परत बराकीत घालायचा हुकूम. जागा तीच.
अकोल्याला साधनाताईंना फोन लावला. कैद्यांना मोफत वकील मिळवून देणाऱ्या कार्यालयात त्या समुपदेशक आहेत. त्या म्हणाल्या, आधी त्याला तिथून वेगळा ठेवा. बोलायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. जोर करू नका.
त्याला विचारलं. त्यानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "सांगतो. पन जानरावसमोर नाही. अन् बायकोले मीच सांगीन, दुसऱ्या कोनी नाही."
बंदीच्या वेळी मी दवाखान्याच्या दारात उभा राहिलो. साहेबांना म्हणालो, याला मी नेऊ देणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि —
नेलं नाही. आजच्यापुरतं.

३० नोव्हेंबर
साहेब म्हणाले, नोकरीची थोडी वर्षं राहिली, पेन्शनचा विचार करा. खंजिरी तुमची. वऱ्हांड्यात रोज तुम्हीच बसायचात. कोणी विचारलं तर —
बायकोचा फोन आला. उचलला नाही.
बराकीतून कसलाच आवाज नाही. तेच सहन होत नाही.

१ डिसेंबर
साधनाताई न्यायाधीशांना घेऊन आल्या. स्वप्निल बंद दाराआड बोलला. मध्ये दोनदा थांबला, त्यांनी थांबू दिलं. त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, इथं परत आणणार नाहीत. जानरावला वेगळ्या कोठडीत टाकलं. जाताना त्यानं मला नमस्कार केला, रोजच्यासारखाच.
मग न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कोणी काही ऐकलं का. साहेब माझ्याकडे बघत होते.
मी ऐकलं म्हणालो. लिहून दिलं, सही केली. खंजिरी मीच आणली हेही लिहिलं. आणि सव्वीस तारखेच्या आधीचंही. तो आवाज मी त्याआधीही ऐकला होता. मला वाटलं, कोणी तल्लीन होऊन रडतं आहे. वऱ्हांड्यातून मीच म्हणालो होतो, शेषराव, अजून जोरात —