तिरप्या फॉन्टचा कॉम्प्युटर तेराव्याच्या आधी परत मिळणेबाबत

दिनांक : १२/११/२०२५

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, केळीबाजार चौक, जळगाव

अर्जदार : हितेंद्र जीवराम नारखेडे, वय २४, धंदा फ्लेक्स डिझाइन, रा. असोदा

विषय : जप्त कॉम्प्युटर परत मिळणे व चिथावणीच्या गुन्ह्यातून माझं नाव कमी करणेबाबत.
संदर्भ : ५ तारखेचा जप्ती पंचनामा.

महोदय,

१) मी कुठल्या क्लासला गेलेलो नाही. मोबाईलवर बघून फॉन्ट करायला शिकलो. पंचनाम्यात 'तिरपा ठळक फॉन्ट' लिहिलाय तो माझाच. भूपेंद्र सपकाळेच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी केला होता. नाव चौकातून पळत सुटल्यासारखं दिसलं पाहिजे, असं तो म्हणाला. म्हणून सगळी अक्षरं पुढे झुकवली, काने जाड केले, शिरोरेघेचं टोक कोयत्याने तोडल्यासारखं कापलं. तेव्हापासून जामनेरपर्यंतचे वाढदिवस त्याच फॉन्टमध्ये होतात.

२) ३ तारखेला संध्याकाळी चौकातल्या दुसऱ्या गटाचा जो नवीन, त्याच्या पोरांनी भूपेंद्रला त्याच चौकात कोयत्याने मारलं. भांडण फ्लेक्सच्या जागेवरून. मी समोर दुकानात होतो. तिसरा घाव मानेवर बसला तरी तो आठ-दहा पावलं पळाला. माझ्या शटरवर त्याच्या हाताचा रक्ताचा पंजा आहे. मी पुसलेला नाही.

३) श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव सरळ, साध्या अक्षरात टाकतात. मला माहीत आहे. पण हात सवयीने त्याच्या फॉन्टवर गेला आणि त्याला आवडायचा म्हणून मी तसाच ठेवला. चूक इथे झाली.

४) ४ तारखेला सकाळी फ्लेक्स लागला. नवीनची पोरं हसली, मेल्याचा वाढदिवस करताय का म्हणाली. भूपेंद्रचा चुलतभाऊ गोपाल, त्याला वाटलं मी तिकडच्यांना मिळालो. त्याने फ्रेम उपटली, तिच्याच खिळेवाल्या पट्टीने मला झोडपलं. मग माझा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि एकेक बोट मोडलं. मारताना तो रडत होता, हेही लिहून घ्यावं. माझी त्याच्यावर तक्रार नाही. नंतर दोन्हीकडून दगडफेक झाली आणि गुन्ह्यात माझं नाव आलं. मला नवीनने काही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

५) भूपेंद्रची आई लताबाई दवाखान्यात आल्या. मला वाटलं चप्पल काढतील. त्यांनी माझा प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. म्हणाल्या, "तो आता पयत नाही रे भाऊ. त्याले सरय उभा कर."

६) तो आता पळत नाही, म्हणून मी चौकटीच्या वहीत डाव्या हाताने त्याच्या नावाची अक्षरं उभी काढली आहेत. फ्लेक्सची फाइल मात्र जप्त कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तेरावा १५ तारखेला आहे. एक दिवस द्या, शेजारी शिपाई बसवा. दोन्ही मागण्या एकदम होत नसतील तर माझं नाव गुन्ह्यात राहू द्या. त्याचं नाव आधी सरळ करू द्या.

आपला नम्र,
हितेंद्र जीवराम नारखेडे
(सही डाव्या हाताची आहे. जुन्या सहीशी जुळणार नाही.)

सोबत : हाताचा एक्स-रे, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो, वहीचं पान एक.