दादाचा फोटो, मॅन्युअलवर

१२ ऑगस्ट

दादाला आज दवाखान्यातून थेट आमच्याकडे आणलं. पुढची खोली दिली. (म्हणजे हिने दिली. पण मी नको म्हटलं नाही.) यकृतावर गाठ आहे. डॉक्टर म्हणतात दोन महिने, फार तर तीन. या लोकांना आधी घाबरवून ठेवायची सवयच असते, म्हणजे पुढे माणूस बरा झाला की श्रेय यांचं. मी दादाला यातलं काही कळू दिलं नाही. ही म्हणाली, अहो, डॉक्टरांनी भाऊजींच्या तोंडावरच सांगितलंय.

सामान एक बॅग आणि एक चामड्याची पेटी. पेटीत कॅमेरा. दादा तीस वर्षं वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. पूर, आगी, मोर्चे, खुर्चीत बसलेले पुढारी आणि खुर्चीतून उठवलेले पुढारी, सगळे याच कॅमेऱ्याने टिपले. आता त्याचे हात थरथरतात. पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू वापर. पीवर ठेव आणि दाब. बाकीचं तो बघून घेतो."

१३ ऑगस्ट

पी म्हणजे प्रोग्राम. छिद्र केवढं उघडायचं ते कॅमेरा ठरवणार, किती वेळ उघडायचं तेही कॅमेराच ठरवणार. मग माणसाने काय करायचं? नुसतं बोट पुरवायचं?

मी चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली आहेत. भिंग मला शिकवायचं कारण नाही. निश्चय: फक्त एम. मॅन्युअल. छिद्र मी ठरवणार, वेग मी ठरवणार.

१६ ऑगस्ट

दादाने अर्धा तास शिकवलं. मग दमला. मला बहुतेक सगळं माहीत होतंच. फक्त एक गोष्ट नवी: छिद्राचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. एफ सोळा म्हणजे टाचणीचं भोक, एफ दोन म्हणजे खिडकी. उलटा कारभार आहे. मी दादाला तसं म्हटलं. तो म्हणाला, "अरे, तू बनव मग सुलटा कॅमेरा." आजारपणात माणूस चिडचिडा होतो. मनावर घेतलं नाही.

पहिला रोल भरला. छत्तीस फोटो.

२४ ऑगस्ट

रोल संपला. पाण्याची टाकी चार वेळा, वाळत घातलेले कपडे, समोरच्यांचं मांजर, दादाची चहा पितानाची छबी. प्रत्येकाचं छिद्र आणि वेग वहीत टिपून ठेवला. शिस्त म्हणतात ती हीच.

हिचं म्हणणं, सकाळच्या गोळ्या तुम्ही देणार होतात. मी वहीत टिपत होतो. एका वेळी एकच गोष्ट नीट होते.

२८ ऑगस्ट

लॅबवाल्याने रोल परत दिला. या माणसाचं नाव मी 'निगेटिव्ह' ठेवलं आहे, कारण त्याच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. छत्तीसच्या छत्तीस काळोखात. तो म्हणतो, फिल्म शंभरची आणि कॅमेऱ्यावरची फिल्मची चकती सोळाशेवर. कॅमेऱ्याची समजूत अशी की फिल्मला फार कमी उजेड लागतो, आणि त्या हिशेबाने तुम्ही उपाशी मारलीत.

पण चकती सोळाशेवर दादाने ठेवली होती. म्हणजे चूक त्याची. त्याला बोललो नाही. एवढा समजूतदारपणा किती जणांत असतो?

तशीही टाकी त्या काळोखात भारदस्त दिसते.

२ सप्टेंबर

दादाने आज काहीतरी मागितलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. बेबीबरोबर एक फोटो.

बेबी त्याची एकुलती एक. पस्तिशीची झाली तरी घरात बेबीच. दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवते. वहिनी गेली तेव्हा दादा पुराचे फोटो काढत होता. दोन दिवसांनी परतला, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. बेबी त्याच्याशी बोलत नाही.

"सगळ्या जगाचे काढले," दादा म्हणाला. "तिच्याबरोबर माझा एकही नाही. कॅमेऱ्यामागे नेहमी मीच ना."

मी म्हटलं, दादा, फोटो माझ्याकडे लागला. आणि बेबीला आणायचंही माझ्याकडे लागलं. त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. हात हलका झालाय.

पण तिला बोलवायच्या आधी माझा हात बसायला हवा. अर्धवट तयारीवर तिला एवढ्या लांबून बोलावणं हा तिच्यावरच अन्याय.

९ सप्टेंबर

ही विचारते, बेबीला कळवलंत का. कळवतो. आधी पोर्ट्रेट.

१८ सप्टेंबर

दुसरा रोल आला. सगळे दादाचे. एफ एक पॉइंट आठवर काढले, म्हणजे मागचं सगळं धूसर होऊन चेहरा उठून दिसतो. निगेटिव्ह म्हणाला, "उशीचे फोटो चांगले आलेत." फोकस दोन बोटं मागे गेला, एवढंच. उशीच्या अभ्र्याची वीण न वीण मोजून घ्या.

त्याने फुकटचा सल्लाही दिला. म्हणाला, पीवर टाका हो, कशाला जीव दमवता. मी म्हटलं, माझा भाऊ तीस वर्षं या धंद्यात होता. तो म्हणाला, मग त्यांनाच विचारा.

विचारलं नाही. त्याला आता बोलायला त्रास होतो.

३० सप्टेंबर

दादा पलंगावरून उतरत नाही. पाय सुजलेत, डोळे पिवळे. ऋतूच वाईट आहे. दुकानात मालकही गेले दहा दिवस खोकताहेत.

बेबीला पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य जमेना. 'तुझे वडील' लिहू की 'दादा' लिहू? दोन्ही खोडलं. घाईने लिहिलेलं पत्र समोरच्याला कळतं.

५ ऑक्टोबर

हिने बेबीला फोन केला! मला न विचारता, शेजाऱ्यांकडून. मी दोन दिवसांत करणारच होतो. काय बोलणं झालं ते विचारलं तर म्हणाली, "काही नाही. मी म्हटलं, बेबी, वेळ कमी आहे. ती म्हणाली, काकू, अठराला येते."

असं तीन वाक्यांत उरकतात का अशा गोष्टी? असो. अठरा तारीख. तयारीला तेरा दिवस. शांतपणे, टप्प्याटप्प्याने.

१७ ऑक्टोबर

योजना पक्की. खोलीत उजेड कमी, म्हणून पेटीतला जुना फ्लॅश लावायचा. छिद्र एफ आठ, म्हणजे फोकस थोडा चुकला तरी सांभाळून घेतं. वेग एकशे पंचवीस, म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. हात हलला तरी फोटो हलत नाही. बाजूला हिने पांढरी चादर धरायची, म्हणजे तिच्यावरून परतलेला उजेड मऊ होऊन येतो. खुर्च्या दोन. दादा डावीकडे, बेबी उजवीकडे. जागा खडूने आखल्या.

कसूर कुठे शोधावी? शोधून सापडत नाही.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी

ती आली. अकराच्या बसने. दारातच थांबली. दादा म्हणाला, "ये." ती आत गेली. मी फ्लॅश लावायच्या खटपटीत होतो. मग तिच्या रडण्याचा आवाज आला, मग दोघांचा. ही दार ओढून घ्यायला गेली. मी म्हटलं, उघडं ठेव, उजेड येऊ दे.

दोन वाजता फोटोला बसवलं. खुर्चीत यायला दादाला पंधरा मिनिटं लागली. बेबीने धरला. ही चादर उंच धरून उभी. मी दोघांना बजावलं, एकमेकांकडे बघायचं नाही, भिंगाकडे बघा, नजर हलली की फोटो वाया. बेबीने लगेच ऐकलं. व्ह्यूफाइंडरच्या खाली लाल आकडे येतात. उजेड मोजणारं मीटर एकदा आठ म्हणे, एकदा पाच पॉइंट सहा. त्याचं समाधान होईतो हलायचं नाही असं ठरवलं होतं.

मधेच दादाने विचारलं, "साठवर आहे ना?" मी म्हटलं, हो हो. आजाऱ्याला तांत्रिक चर्चेत कशाला दमवायचं? साठवर हात हलण्याचा धोका असतो, हे त्याला त्या क्षणी समजावणं शक्य नव्हतं.

ही चादरीमागून म्हणाली, "अहो, दाबा आता. भाऊजींना बसवत नाहीये." घाईचं काम मी केलं नाही. सहा फोटो. चाळीस मिनिटं. शेवटी दादाला उचलूनच पलंगावर न्यावं लागलं.

पण असं काम झालंय की दादाही मान्य करेल. बेबी संध्याकाळच्या बसने गेली. निघताना मला म्हणाली, "काका, फोटो नक्की पाठवा. मोठा करून." मी म्हटलं, तू आता विसर, काम माझ्याकडे आहे.

२१ ऑक्टोबर

दादा विचारतो, आले का? म्हटलं, रोलमध्ये अजून अकरा फोटो आहेत. अर्धा रोल धुवायला देणं बरं नव्हे.

२४ ऑक्टोबर

आले का? म्हटलं, सात राहिले.

ही म्हणाली, अहो, भिंतीचे काढा, पण द्या तो रोल. भिंतीचे का काढायचे? प्रत्येक फोटोमागे विचार हवा. मग आपल्यात आणि पीवाल्यांत फरक काय?

२७ ऑक्टोबर

दादा आज काही विचारत नाही. झोपूनच असतो. झोप येते हे सुधारणेचं लक्षण. दोन फोटो राहिले.

२८ ऑक्टोबर

दादा गेला. पहाटे सहा वीसला.

ही जवळ होती. मी गच्चीवर होतो. सूर्य उगवायच्या आधीचा उजेड फार थोडा वेळ टिकतो, आणि दोनच फोटो राहिले होते. हिने खालून दोनदा हाक मारली म्हणे. मला एकदाच ऐकू आली, आणि तेव्हा शटर उघडं होतं.

रोल संपला.

३ नोव्हेंबर

बेबी येऊन गेली, बाकीचेही. तिने फोटोचं काही विचारलं नाही. मीच आपणहून म्हटलं, फार सुंदर आलाय, मोठा करायला टाकलाय. रोल अजून कपाटात होता.

७ नोव्हेंबर

निगेटिव्हकडे रोल दिला. आकाशाचे मुद्दाम मोठे काढायला सांगितले.

१० नोव्हेंबर

निगेटिव्हने या वेळी मला स्टुलावर बसायला सांगितलं. कधी सांगत नाही.

सहाही फोटोंत उजवा अर्धा भाग स्वच्छ. बेबी, तिच्या साडीची किनार, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. डावा अर्धा भाग काळा. काळा म्हणजे काजळी. मधे सरळ रेघ. दादा नाही. सहाही ठिकाणी नाही. बेबीच्या खांद्यावर चार बोटं आहेत, बाकी हात काळ्यात गेलाय.

तो म्हणाला, या कॅमेऱ्यात पडदा एका बाजूने सरकत जातो. साठपर्यंत तो क्षणभर पूर्ण उघडा असतो. त्याच्यापेक्षा वेग वाढवलात की अर्धाच उघडतो, आणि फ्लॅशचा उजेड तेवढ्याच भागावर पडतो. "फ्लॅश लावला की साठ. तुमच्या भावाने सांगितलं नाही?"

मी म्हटलं, नाही.

मग तो हळूच म्हणाला, लवकर आणला असतात तर परत काढता आला असता.

फ्लॅश जुना होता. लॅबमध्येही चुका होतात. उद्या दुसऱ्या लॅबमध्ये दाखवणार.

११ नोव्हेंबर

दुसऱ्या लॅबवाल्याने तेच सांगितलं. कमी शब्दांत.

२३ नोव्हेंबर, रविवार

बेबी आली. दादाची बॅग न्यायला, आणि फोटो. ही दुसऱ्या लॅबचं पाकीट तिच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं होतं, आधी मी दोन शब्द बोलेन.

तिने सहाही फोटो टेबलावर ओळीने मांडले. म्हणाली, "काका, यात मी एकटीच आहे."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पडदा, फ्लॅश, साठ, एकशे पंचवीस. कागदावर आकृतीही काढली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिकवणारी आहे, ऐकायची सवय असावी. मी म्हटलं, चूक तशी बारीकशीच आहे. ती म्हणाली, हो.

मग त्या चार बोटांवर बोट ठेवून तिने विचारलं, "मी तर भिंगाकडेच बघत होते, तुम्ही सांगितलंत म्हणून. फोटो काढताना बाबा कसे दिसत होते? हसत होते का?"

मी म्हटलं, हो. हसत होता.

"नक्की ना?"

"नक्की."

तिने डोळे पुसले, एक फोटो पर्समध्ये ठेवला, बाकीचे पाच इथेच ठेवले. हिने आग्रह केला, पण जेवायला थांबली नाही.

मी आठवून बघतो आहे. दुपारपासून तेच चाललंय. खुर्ची आठवते. खडूच्या खुणा आठवतात. पाच पॉइंट सहा आठवतं, मग आठ, मग परत पाच पॉइंट सहा. दादाच्या अंगात कुठला सदरा होता तेही सांगता येत नाही.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, त्या दिवशी दादा हसत होता का गं?

ती भांडी विसळत होती. वळली नाही. "मला काय विचारता? मी चादरीमागे होते. तुम्हीच तर होतात समोर."