जावयाला सोडून सगळ्यांना

१२ जानेवारी

ती. आईस, माझ्या याडीस, ममताचा शि. सा. न.

फोन सासूजवळ असते, म्हणून चिठ्ठी. बाळी दहा महिन्यांची झाली, माती चाटते, तुझ्यावरच गेली वाटते.

याडी, मले पुन्हा चौथा महिना लागला. सिझरची जागा अजून दुखते, चक्कर येते. बाळीच्या वेळेस तू सातव्या महिन्यातच कॉपर-टीचं समजावलं होतं, मी हो म्हटलं होतं. पण सिझरच्या टेबलावर सिस्टरनं विचारलं, बसवू का, तर मी भेऊन म्हटलं, बाहेर नवरा हाय, त्याईले विचारा. त्याईनं नाही म्हटलं.

रागावली तरी माया ठेवजो.
तुझी ममता

१५ जानेवारी

चि. शामराव जावईबापू यांस, सासूचे अनेक आशीर्वाद.

लग्नाले तीन वर्षं झाली, आपल्या रीतीनं सासू म्हणून तुमच्याशी एक शब्द बोलली नाही. आज कागदावर बोलून राह्यली.

मी तांड्याची आशा वर्कर. पोटुशी बाई असली की नवरा-बायको दोघांले जवळ बसवते. गोळ्या, निरोध, कॉपर-टी, ऑपरेशन, सगळं सांगते. सरकारी दवाखान्यात फुकट हाय, तेही सांगते. तांड्यातल्या बळीरामसारख्या आडमुठ्याले तीनदा गाठलं, त्यानं स्वतःच नसबंदी करून घेतली. पण माझ्याच पोरीच्या वेळेस जावयासमोर असं कसं बोलावं, म्हणून मी पदर ओढून घेतला. लोकाच्या पोरी सांभाळल्या, माझी राहून गेली. मले माझीच लाज वाटते.

तुम्ही नाही काहून म्हटलं? तेवढं कळवा. अन् ममताचं रक्त लगेच तपासा.

लेकीले जपा, एवढंच मागणं.
उज्ज्वला

१९ जानेवारी

ती. सासूबाईंस, शामचा शि. सा. न.

मुकुटबनले गेलतो, तिथं कोणीतरी सांगतलं होतं, कॉपर-टी काळजाले चढते. सिस्टरनं घाईत विचारलं, मले ममता मेलेली दिसली. म्हणून नाही म्हटलं. तिले वाचवून राह्यलो, असंच वाटलं.

तुम्ही तिले समजावत होत्या, तवा मी ओसरीवरच होतो. बायकांचं बोलणं, त्यात सासू, म्हणून मानानं उठून वावरात गेलो. पाच मिनिटं बसलो असतो, तर विचारलं असतं.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहाच निघालं. काल भरती केलं. डॉक्टरीणबाई म्हणते, सिझरवर इतक्या लवकर दिवस गेले, जीवाले धोका हाय. ममता भिंतीकडं तोंड करून झोपते.

बाळी दूध मागते. मले काही सुचत नाही. तुम्ही लवकर या, अन् जे बळीरामले सांगतलं ते मले सांगा.
तुमचा शाम