मोटार जुनीच बसली

अहो,

घाबरू नका, आई आता बऱ्या आहेत. तुम्ही जीपला नवी स्टार्टर मोटार आणायला एसटीनं जुन्नरला गेलात आणि मागं आईंना दम लागला. तुमचा फोन इथंच चार्जिंगला राहिलेला. दारात जीप, पण चावी फिरवली की नुसतं घर्रर्र, इंजिन काही फिरेना.

शेवटी तात्या उठले. पोराच्या जीपला हात लावणार नाही असं तुम्हाला सुनावणारे तात्याच बॅटरीची वायर काढून खाली शिरले. मोटार बसते त्या जागेवर गंज न् चिखलाची खपली होती, म्हणून ती वाकडी बसून तिचे दात इंजिनच्या चाकात न अडकता नुसते घासत होते. "बोल्ट चांगलं आवळलं व्हतं पोरानं, पर जागा पुसायची राह्यली," एवढंच बोलले. मी जागा पॉलिश पेपरनं घासली. त्यांनी मोटार सरळ धरून दोन्ही बोल्ट थोडे थोडे करत आवळले. चावी मारली न् जीप लगेच सुरू! मग मीच चालवत नेली.

ओतूरला डॉक्टरांनी वाफ दिली. आई आता चहा मागतायत. मी त्यांचे कपडे न्यायला आले होते, परत निघाले.

भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन बसनं ओतूरला या. आणि मोटार नीट का बसत नव्हती ते तात्यांना विचारा. मी काही सांगितलंय असं दाखवू नका, त्यांना स्वतःला तुम्हाला सांगायचंय.

मोहिनी